पूर ओसरल्यावर बाडस: चोरल आणि नर्मदेवर फ्लायनं मासेमारी

फ्लाय फिशिंग, म्हणजे पिसं-धाग्यांनी गळावर बांधलेलं बनावट भक्ष्य (फ्लाय) जाड, वजनदार लाइनच्या जोरावर फेकून केलेली मासेमारी. ती शिकवणारं जे काही ऑनलाइन सापडतं, त्यातलं बरंचसं सॅमन या परदेशी माशावर बेतलेलं असतं. स्कॉटलंडच्या ट्वीड नदीवर हंगाम ३० नोव्हेंबरपर्यंत चालतो, शरदातल्या पुराबरोबर मासा समुद्रातून वर चढतो आणि गोड्या पाण्यात शिरल्यावर जवळजवळ खाणंच सोडतो. नर्मदेतल्या महाशीरचं, म्हणजे निमाडात ज्याला बाडस म्हणतात त्याचं, तसं नाही. तो पावसाळ्यात अंडी घालायला उपनद्यांत चढतो, पाणी उतरू लागलं की परत खाली येतो, आणि येताना खात येतो. म्हणून सॅमनवाल्यांकडून लाइन फेकायची पद्धत जरूर घ्या, पण मासा कुठे असेल आणि काय करेल याबद्दलचे त्यांचे आडाखे सीमेवरच सोडून या.

इंदूरहून हे सगळं एका दिवसात होतं. सिमरोल, भेरूघाट, चोरल, बलवाडा, बडवाह असा रस्ता. बडवाहपर्यंत सुमारे ६५ किलोमीटर. घाटात ट्रक अडकले की दोन तास सहज जातात, त्यामुळे पहाटे साडेचारला निघणं बरं. पोहे-जलेबी परत आल्यावर.

जायचं कधी

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. पण जोराच्या पावसाच्या वर्षी १६ ऑगस्टला गळ घेऊन धावण्यात अर्थ नाही. बाडसाची वीण पुढेही चालू असते आणि उथळ खडीवर तो अंडी घालत असताना त्याला छेडणं म्हणजे पुढची पिढीच मोडणं. महाशीर २०११ पासून राज्याचा मासा आहे. इथे पकडून सोडणं एवढंच करायचं. नवरात्राच्या आसपास सुरुवात आणि दिवाळीनंतरचे दोन-तीन आठवडे, हा खरा काळ.

तारखेपेक्षा महत्त्वाचं आहे ते पाणी कुठल्या दिशेनं चाललंय. चढतं पाणी असेल तर मासा काठाच्या झुडपांत, पाण्याखाली गेलेल्या गवतात पांगतो; त्याला शोधणं अशक्य आणि तिथे उभं राहणं धोक्याचं. उतरून थांबलेलं, काचेसारखं पाणी असेल तर तो बिचकतो. हवं आहे ते सलग दोन-तीन दिवस हळूहळू उतरणारं पाणी. चोरलसारख्या छोट्या नदीवर मोठा पाऊस थांबल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ही वेळ येते. नर्मदेवर आठवडा लागू शकतो, कारण तिथे पाऊस थांबला तरी धरणं थांबत नाहीत.

धरणांची साखळी डोक्यात ठेवा: वर जबलपूरजवळ बरगी, २१ दरवाजे, मधे तवा, १३, मग इंदिरा सागर, २०, आणि बडवाहच्या वर ओंकारेश्वर, २३. इंदूरला लख्ख ऊन असताना बरगी आणि तवाचं पाणी काही दिवसांनी बडवाहला पोचतं. २०२३ च्या सप्टेंबरात मोरटक्क्याचा पूल वाहतुकीला बंद करावा लागला होता. निघण्याआधी केंद्रीय जल आयोगाच्या मंडलेश्वर केंद्राची पातळी बघा. एका दिवसाचा आकडा काही सांगत नाही; तीन दिवसांचे आकडे शेजारी ठेवा. तिन्ही उतरते असतील तरच गाडीत पेट्रोल भरा.

दरवाजे बंद असले तरी वीजघर चालू-बंद होतंच. ओंकारेश्वरच्या खाली याचा अर्थ असा की सकाळी कोरडा असलेला खडक दुपारी पाण्याखाली असतो. एप्रिल २००५ मध्ये, भर उन्हाळ्यात, देवास जिल्ह्यातल्या धाराजीच्या यात्रेत वरून सोडलेल्या पाण्यानं अनेक भाविक वाहून गेले होते. म्हणून पोचल्याबरोबर पहिलं काम: पाण्याच्या कडेला एक दगड ठेवा, बरोबर पाणी टेकेल असा. दर १५ मिनिटांनी त्याच्याकडे बघा. दगडावर दोन बोटं पाणी चढलं की लाइन गुंडाळा आणि काठावर या. मासा लागलेला असेल तर टिपेट, म्हणजे फ्लाय बांधलेला शेवटचा बारीक धागा, तोडा. पाणी सोडण्याआधीचा धरणाचा भोंगा वाजला तर दगड बघायचीही गरज नाही. मध्ये कुठे बेट असेल तर त्यावर जायचंच नाही, कितीही उथळ दिसलं तरी.

ताटलीची परीक्षा

पाणी गढूळ आहे की नाही हे डोळ्यांना विचारू नका. सकाळच्या तिरप्या उजेडात सगळंच गढूळ दिसतं. पांढऱ्या प्लास्टिकच्या बशीला मधोमध भोक पाडा, खाली जड नट बांधा, वर दोरी, आणि दोरीला दर १० सेंटिमीटरवर गाठ. बशी सावलीत, काठाजवळच्या संथ पाण्यात सोडा. दिसेनाशी झाली की गाठी मोजा.

३० सेंटिमीटरच्या आत दिसेनाशी झाली तर त्या जागी फ्लाय टाकणं म्हणजे व्यायाम. ३० ते ६० असेल तर काठाला लागून, मोठी काळी फ्लाय, सावकाश. ६० ते १२० म्हणजे ज्याची वाट बघत होतो ते: तळाकडे हिरवट, वर किंचित चहासारखं पाणी. दीड मीटरच्या पुढे गेलं की पहाटेचे दोन तास आणि संध्याकाळचा एक, एवढंच हाती लागतं, तेही बारीक टिपेटवर.

एकाच जागी मोजून थांबू नका. छोटे ओहोळ मोठ्या नदीच्या आधी निवळतात. बडवाहच्या बाजूला चोरल नर्मदेला मिळते तिथे, किंवा कुठल्याही नाल्याच्या तोंडाशी, स्वच्छ पाणी गढूळ पाण्याला भेटतं आणि काही अंतर दोन्ही शेजारी शेजारी वाहतात. मधली रेघ दुरून दिसते. पूर ओसरल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात बाकी सगळी नदी सोडून ही रेघ धरली तरी चालेल. मासा गढूळ बाजूला लपून राहतो आणि स्वच्छ बाजूनं वाहत येणारं खाणं उचलतो. फ्लाय स्वच्छ बाजूला पडावी आणि वाहत वाहत रेघ ओलांडावी. उलट केलंत, गढूळमधून स्वच्छमध्ये आणलीत, तर मासा मागे येतो खरा, पण उजेडात आल्यावर तुम्हालाच बघतो.

गेल्या वर्षीचा डोह विसरा

मोठ्या पुरानंतर पात्र नवीन असतं. जिथे कमरेएवढा डोह होता तिथे खडीचा पट्टा, जिथे पायवाट होती तिथे कपार. पहिला अर्धा तास रॉड गाडीतच ठेवा आणि उंच काठावरून चाला. तीन गोष्टी शोधा.

एक, नव्यानं आडवी झालेली झाडं. त्यांच्या खालच्या बाजूला संथ पाणी तयार होतं आणि मासा तिथे विसावतो, पण फांद्यांत फ्लायही तिथेच जाते. दोन, खळाळाच्या शेवटी, जिथे उथळ पाणी एकदम काळं होतं ती पायरी. पूर आल्यावर ती वर-खाली सरकते, त्यामुळे दरवर्षी नव्यानं शोधावी लागते. तीन, मोठ्या दगडाच्या फक्त मागचीच नव्हे तर पुढचीही जागा. पाणी दगडावर आपटून मागे वळतं, तिथे उशीसारखा संथ पट्टा असतो, आणि मोठा मासा बऱ्याचदा पुढेच असतो.

महेश्वरजवळच्या सहस्रधारेला बेसाल्टच्या भिंतींतून नदीच्या कित्येक धारा होतात. बघायला सुंदर, पण उतरत्या पुरात तिथे फ्लाय टाकायला जाऊ नये. दगड निसरडे, धारांमधलं अंतर फसवं, आणि पाय घसरला तर पुढच्या धारेत थांबायला जागा नाही.

गाळाचं वेगळं सांगायला हवं. पुरानंतर संथ कोपऱ्यांत ताजा गाळ बसतो. वरून वाळून भेगा पडलेल्या दिसतात, आत मांडीपर्यंत चिखल. बांबूची पाच फुटी काठी पुढे टोचत चाला. काठी एका दाबात वीतभर गेली तर वळसा घ्या. पायाला कुठे कापलेलं असेल तर पाण्यात उतरू नका, पुराच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. आणि नर्मदेत मगरी आहेत. अंधार पडू लागल्यावर गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही, मासा सोडायला काठावर उकिडवं बसायचं नाही.

सामान

सॅमनचे १३ ते १५ फुटी दोन-हाती रॉड इथे नकोत. मागे बाभळी, वर करंजाच्या फांद्या. एवढा लांब दांडा फिरवायला जागा नसते. ९ फुटी, ८ नंबरचा (नंबर लाइनच्या वजनाचा) एक-हाती रॉड चोरल आणि नर्मदा दोन्हीला पुरतो. रीलला चांगला ड्रॅग (सुटणाऱ्या लाइनला लागणारा ब्रेक) आणि ३० पौंडाचं १०० ते १५० मीटर बॅकिंग (लाइनच्या मागे रीलवर गुंडाळलेली बारीक दोरी). ड्रॅग अंदाजानं लावू नका: बॅग तोलायचा काटा लीडरला (लाइन आणि टिपेट यांच्या मधल्या पारदर्शक धाग्याला) अडकवा, रॉड वाकवून ओढा आणि टिपेटच्या ताकदीच्या एक चतुर्थांशावर लाइन सुटेल असा ठेवा. १६ पौंड टिपेट म्हणजे सुमारे ७ किलो, तर ड्रॅग पावणेदोन किलोच्या आसपास.

लाइन घेताना लोक फसतात. सॅमन-ट्राउटच्या लाइनी थंड पाण्यासाठी केलेल्या असतात. ऑक्टोबरच्या दुपारी त्या शेवयांसारख्या मऊ पडतात, रॉडवरच्या कड्यांना चिकटतात आणि फेक तीन मीटर आधीच मरते. उष्ण हवेसाठीची, कडक गाभ्याची तरंगती लाइन घ्या. जोडीला १० फुटांचं, टाइप ३ चं बुडतं टोक. टाइप ३ सेकंदाला साधारण तीन इंच, म्हणजे सात-आठ सेंटिमीटर बुडतं. आता हिशेब करा: दोन मीटर खोल पाण्यात तळाला जायला पंचवीस सेकंद, आणि तेही वाहतं पाणी नसताना. म्हणजे फक्त बुडत्या टोकावर भागत नाही, फ्लायही जड हवी.

तरंगत्या लाइनला ९ फुटी लीडर, बुडत्या टोकाला चार-पाच फुटीच. बुडत्या टोकाला लांब लीडर लावला की टोक खाली जातं आणि फ्लाय वर तरंगत राहते. ही चूक इतकी सर्रास होते की मासा मिळत नाही म्हणणाऱ्याचा लीडर आधी मोजावा. टिपेट फ्लुरोकार्बन, १६ ते २० पौंड. इथला काळा दगड धारदार असतो. दर वेळी फ्लाय अडकून सुटली की टिपेट दोन नखांमधून ओढा. खरखर लागली तर तेवढा तुकडा कापून नव्यानं बांधा. गाठ आवळण्याआधी थुंकीनं ओली करा, कोरडी गाठ घर्षणानं भाजते आणि निम्म्या जोरात तुटते.

फ्लाय

बाडसाच्या जबड्यात दात नाहीत, ते घशात आहेत आणि फार मजबूत आहेत. शिंपले चिरडायला ते आहेत, बारीक तारेचा गळ त्यांना काहीच नाही. म्हणून सगळ्या फ्लाय जाड तारेच्या, २ ते १/० नंबरच्या गळावर, आणि उलटा काटा पकडीनं दाबून सपाट केलेला.

पुरानंतरची मुख्य फ्लाय काळी, आणि ती घरी बांधता येते. २ नंबरच्या गळावर ४.६ मिलिमीटरचा टंगस्टन मणी सरकवा. मागे शिशाच्या तारेचे १२ ते १५ वेढे घेऊन ते मण्यात दाबा. शेपटीला काळा मॅराबू (मऊ, भुरभुरीत पीस), गळाच्या दांड्याएवढाच लांब. जास्त ठेवलात तर मासा शेपूट ओढतो आणि गळ लागत नाही. शेपटीच्या मुळाशी तांब्याची तार बांधून ठेवा. अंगाला काळी किंवा गडद हिरवी शेनील (लवदार जाड धागा) गुंडाळा, त्यावर कोंबड्याचं मऊ काळं पीस पुढून मागे पाच-सहा वेढ्यांत, आणि तीच तार उलट दिशेनं पुढे आणून पीस पक्कं करा. तार नसेल तर दुसऱ्या माशालाच पीस सुटतं. मण्यामागे लाल धाग्याचे चार वेढे आणि वार्निश.

गढूळ पाण्यात काळा रंग का? कारण खालून बघणाऱ्या माशाला रंग दिसत नाही, आकार दिसतो, आणि काळ्याची कडा सगळ्यात ठळक असते. पाणी ६० सेंटिमीटरच्या पुढे निवळलं की गडद हिरवी-तांबूस फ्लाय किंवा पांढऱ्या पोटाची क्लाउझर मिनो (छोट्या माशासारखी दिसणारी फ्लाय). आणि काठावर उंबर वाकलेला दिसला तर फोमचा बोराएवढा तपकिरी गोळा गळावर चिकटवून ठेवलेला असू द्या. बाडस सर्वभक्षी आहे, पडलेली फळंही खातो. हा गोळा हळुवार ठेवायचा नाही, टपकन पाडायचा.

टाकायचं कसं

आधी काठापासून तीन मीटर मागे उभे राहा आणि पायाजवळचं पाणी बघा. गढूळ पाण्यात मासा काठालाच असतो; थेट पाण्यात उतरणारा माणूस पहिला मासा पायानंच पळवतो.

मागे झाडी असेल तर रोल कास्ट. लाइन पुढे पाण्यावर ठेवून रॉड हळूच कानापर्यंत आणा, मागे लाइनचा अर्धगोल लटकू द्या, एक क्षण थांबा, मग हातोडी मारल्यासारखा पुढे झटका. थांबलात नाही तर लाइन पायाशी ढीग होऊन पडते. सरावाला नदी लागत नाही. टोकाला लोकरीचा तुकडा बांधून कुठल्याही ओल्या मैदानावर रोज वीस मिनिटं पुरतात. गवत कोरडं असेल तर रोल कास्ट जमणार नाही, लाइनला धरून ठेवायला ओल हवी.

फेक प्रवाहाच्या खालच्या दिशेला, ४५ अंशांत. गढूळ असेल तर जास्त आडवी, ६० ते ७० अंश, म्हणजे बुडायला वेळ मिळतो. लाइन पाण्यावर पडल्याबरोबर रॉडच्या टोकानं तिचा मधला भाग प्रवाहाच्या वरच्या दिशेला उलटा टाका. हे न केल्यास प्रवाह लाइनचं पोट धरून ओढतो आणि फ्लाय पळत सुटते. मग फक्त रॉडचं टोक फ्लायच्या मागोमाग फिरवा. फ्लाय तुमच्या सरळ खाली आली की लगेच उचलू नका. पाच सेकंद तशीच लटकू द्या, मग वीत-वीत लाइन चार-पाच वेळा ओढा. बरेच झटके याच वेळी येतात. काही नाही झालं तर दोन पावलं खाली सरकून पुन्हा. एकाच दगडावर तासभर उभं राहून तीच फेक करणारा माशाला तेवढाच ओळखीचा होतो जेवढा प्रवाशाला फलाटावरचा खांब.

झटका आला की रॉड वर उचलायचा नाही. रॉडचं टोक फ्लायकडे तसंच ठेवून डाव्या हातानं लाइन सरळ, लांब ओढायची. रॉड उचलला की तो वाकतो, सगळा जोर रॉडच खातो आणि जाड ओठात गळ रुतत नाही. सॅमनचं उलटं, त्याला आधी वळू द्यायचं असतं; बाडसाला वळू दिलंत तर तो फ्लाय थुंकतो. त्यानंतर पहिली धाव प्रवाहाबरोबर, सरळ खाली. पायाशी पडलेली सुटी लाइन बुटाच्या नाडीत किंवा झुडपात अडकली तर तिथेच संपलं, म्हणून ती आधीच बाजूला ठेवा. धाव थांबेपर्यंत रील हाताळायची नाही. थांबला की काठानं खाली चालत त्याच्या समोर या आणि रॉड आडवा, काठाकडे झुकवून दाबा. वरून ओढत राहिलात तर प्रवाह आणि मासा दोघंही तुमच्याविरुद्ध असतात.

जाळं रबराचं घ्या, सुताचं नको, सुतानं खवले आणि अंगावरचा चिकटा निघतो. मासा पाण्यातच ठेवून पकडीनं गळ काढा. फोटो हवा असेल तर तुमचा श्वास धरून. श्वास सुटला की मासा परत पाण्यात. तोंड प्रवाहाकडे करून शेपटीचं मूळ सैल धरा, तो स्वतःहून निसटेपर्यंत. पुढे-मागे हलवू नका, कल्ल्यांतून पाणी एकाच दिशेनं जायला हवं. थर्मामीटर असू द्या: पाणी २८ अंशांच्या वर गेलं की त्या दिवसापुरतं बंद. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि दमलेला मासा सोडल्यावरही मरतो.

कुठे नाही

ओंकारेश्वर, महेश्वर, मंडलेश्वर, कुठल्याही घाटावर किंवा घाटाच्या नजरेत गळ टाकायचा नाही. तिथे लोक माशांना कणकेच्या गोळ्या घालतात, आणि विसर्जनानंतर पाण्याखाली मूर्तींच्या तारा, कापडं असतात, फ्लाय गेली की गेलीच. देवउठनी एकादशीनंतर परिक्रमावासी काठानं चालू लागतात. वाट मोकळी ठेवा, मागची फेक थांबवा, आणि "नर्मदे हर" ऐकलं की "नर्मदे हर" म्हणा. अभयारण्याच्या हद्दीत वन्यजीव अधिनियम १९७२ लागतो. बाकी पाण्यावरही ठेका बऱ्याचदा स्थानिक समितीकडे असतो. आधी मत्स्य विभागाच्या जिल्हा कार्यालयात आणि मग गावातल्या केवटदादांना विचारून घ्या. पाणी रात्री चढलं की उतरलं हेही तेच सांगतील, आणि त्यांचं उत्तर कुठल्याही आकड्यापेक्षा ताजं असतं. इंदूरच्या जवळ म्हणून कान्ह किंवा क्षिप्रा या नद्यांवर जाण्याच्या भानगडीत पडू नका, तिथे पूर फक्त शहराची घाण ढवळतो.

घरी आल्यावर रील उघडा. पुराच्या पाण्यातला बारीक गाळ ड्रॅगच्या चकत्यांमध्ये शिरतो आणि पुढच्या वेळी पहिल्याच धावेला रील अडकते. गोड्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवा, मग तेलाचा एक थेंब. लाइन कोमट पाण्यात अंगाच्या साबणाचे दोन थेंब टाकून फडक्यातून दोनदा ओढा; फडकं मातकट झालेलं दिसेल, तोच गाळ लाइनचा लेप घासत असतो. फ्लाय डबीत ओल्या ठेवल्या तर दिवाळीपर्यंत गळ गंजतात. रात्रभर वर्तमानपत्रावर पसरून ठेवा, लहान मुलं आणि मांजर यांच्या पोचेबाहेर.